चेन कव्हरच्या आत काय चाललंय?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. रस्ता नाही, पाणी नाही, निवडणूक तर नाहीच नाही. आज तुमच्या-आमच्या दुचाकीची चेन. पण शेवटपर्यंत वाचा, कारण ही गोष्ट फिरून रस्त्यावरच येते.

मध्यंतरी नागावला गेलो होतो. अलिबागजवळचं नागाव. शनिवार-रविवारी ठाणे-डोंबिवलीची अर्धी जनता तिथंच भेटते. नातवाने हट्ट धरला म्हणून चार जाड टायरांच्या त्या क्वाड बाईकवर वाळूतून एक फेरी मारली. संध्याकाळी गर्दी ओसरली, तेव्हा गाड्या चालवणारा पोरगा गोड्या पाण्याची बादली, जुना ब्रश आणि ऑइलचा डबा घेऊन बसला. एकेका गाडीखाली वाकून चेन धुवायची, फडक्याने कोरडी करायची, हाताने चाक फिरवत कडीकडीवर तेल सोडायचं. रोज करतोस का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काका, समुद्र गाडी नाही खात, चेन खातो. एक दिवस सोडला तर दुसऱ्या दिवशी लाल होते."

मग सहज म्हणाला, "तुमच्या गाडीची चेन शेवटची कधी बघितली?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्याच आठवड्यात उत्तर मिळालं. शिळफाट्याच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात आदळली, खडखड असा मोठा आवाज झाला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. चेन उतरून कव्हरमध्ये गुंतली होती. वेग कमी होता आणि मागे ट्रक नव्हता, म्हणून आज हे लिहितोय. खड्डा होताच. पण खरं सांगायचं तर चेन कित्येक महिने ढिली होती आणि मी कव्हर उघडून कधी पाहिलंच नव्हतं. दोष माझा.

तेव्हापासून या चेनच्या मागे लागलो. वाचत गेलो, जुन्या मेकॅनिक मंडळींशी बोलत गेलो. लक्षात आलं की ही साधी वाटणारी वस्तू आपल्या भागाच्या इतिहासात पार आतपर्यंत गेलेली आहे.

सुरुवात कापडगिरणीतून

आपण जी चेन वापरतो, तिचा शोध मुळात वाहनासाठी लागलाच नाही. हान्स रेनॉल्ड नावाचा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला एक इंजिनिअर मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने तिथल्या सॅलफर्डमधला चेन बनवण्याचा एक छोटा कारखाना विकत घेतला. गिऱ्हाईक कोण, तर कापडगिरण्यांची यंत्रं. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारा लँकेशायरचा जो परिसर, त्यातलंच हे गाव. त्या काळच्या चेनमध्ये पिन आणि पट्टी थेट एकमेकांवर घासायची आणि लवकर झिजायची. रेनॉल्डने १८८० मध्ये पेटंट घेतलं. पिनेभोवती एक नळी बसवली आणि नळीवर फिरणारा रोळ. चेन दात्यावर घासण्याऐवजी रोळ दात्यावर गडगडू लागला. एवढाच बदल. पण आज सायकलपासून बुलेटपर्यंत जी चेन दिसते, ती मूळ त्याच रचनेची.

मग १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली. त्याआधीच्या लोकप्रिय सायकलीला पुढचं चाक माणसाएवढं उंच आणि पेडल त्याच चाकाला. एका पेडलफेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणून वेग हवा तर चाक मोठं हवं. पडला की डोक्यावरच. स्टार्लीने दोन्ही चाकं जवळपास सारखी केली आणि चेनने मागचं चाक ओढायला लावलं. पुढे मोठी चक्री, मागे लहान, म्हणजे पाय एकदा फिरला की चाक दोन-तीनदा फिरणार. सायकल खरी साध्या माणसाची झाली ती या चेनमुळे.

गंमत बघा. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली १६ एप्रिल १८५३ ला आणि १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली. म्हणजे ठाणे-कल्याणला आगगाडी आधी आली आणि आजची सायकल जन्माला आली ती तीस वर्षांनी. स्टेशन आधी, स्टेशनपर्यंत जायचं साधन नंतर. हा प्रश्न आपल्याकडे अजून सुटलेला नाही, पण ते असो.

सायकलवाल्यांचा जमाना

सायकल मुंबईकरांनी किती मनावर घेतली याचं एक उदाहरण. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, सुमारे ७१,००० किलोमीटर पार करून मार्च १९२८ मध्ये परत आले. वाळवंटात मेकॅनिक कुठून आणणार? पाना आणि तेलाची बुदली आपल्याच पिशवीत.

स्वातंत्र्यापूर्वी विलायती सायकल म्हणजे रॅले, हंबर, बीएसए. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. नंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. देशी चेनही आली. १९६० मध्ये मद्रासलाच टीआय आणि अमेरिकेतल्या डायमंड चेन कंपनीची भागीदारी झाली. तेव्हापासून 'डायमंडची चेन' हे शब्द आपल्या मेकॅनिकच्या तोंडात बसले ते आजतागायत.

माझं बालपण डोंबिवलीतलं. तासावर भाड्याने सायकल मिळायची, मडगार्डवर रंगाने नंबर घातलेला. दांड्याखालून पाय घालून शिकलो, म्हणजे चेनच्या अगदी शेजारून. चड्डीच्या दिवसांत पोटरीवर काळे दात उमटायचे, आणि पायजमा घातला की तो मोज्यात खोचायचा, नाहीतर चेन खाणार. चेन पडली तर कोणाला हाक मारायची पद्धत नव्हती. सायकल बाजूला घ्यायची, मागच्या चक्रीवर चार दाते बसवायचे, पेडल उलटं फिरवायचं, खट्कन चेन जागेवर. हात काळे, ते मातीत चोळायचे. आठवीतल्या प्रत्येक पोराला हे येत होतं, आणि पोरींनाही. मुलींच्या सायकलला पूर्ण चेन कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, पदर-ओढणी अडकू नये म्हणून.

नगरपालिकाही सायकलकडे लक्ष ठेवून असायच्या, अर्थात करासाठी. महाराष्ट्रात कितीतरी गावांत सायकलचा कर भरला की बिल्ला मिळायचा, तो हँडलखाली लावायचा. बिल्ला नाही, दिवा नाही, डबलसीट दिसले, तर पोलीस चाकातली हवा सोडायचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात चेन उघडी होती, डोळ्यांसमोर होती. ढिली झाली की दिसायची, सुकली की कुरकुरायची. तिची काळजी घेणं हे ज्ञान नव्हतं, सवय होती.

मग चेन झाकली गेली

इंजिनाच्या दुचाक्या आल्या तेव्हा दोन वाटा फुटल्या. एक वाट चेन नसलेली किंवा न दिसणारी. आपल्या शेजारी भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना लॅम्ब्रेटा स्कूटर बनवायचा. लॅम्ब्रेटाच्या एलआय मॉडेलात चेन होती, पण इंजिनाच्या पोटात, तेलात बुडालेली. मालकाला ती आयुष्यात दिसायची नाही. बजाजच्या व्हेस्पाला आणि नंतर १९७२ च्या चेतकला तर चेनच नव्हती, इंजिन मागच्या चाकालाच चिकटलेलं. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली. तिला पेडल होतं, म्हणून तिची चेन तेवढी ओळखीची वाटायची.

दुसरी वाट मोटारसायकलची. मद्रासची बुलेट १९५५ पासून, मग म्हैसूरची जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत. भिवंडी, मुरबाड, शहापूरकडून दुधाचे कॅन लटकवून येणारी राजदूत आठवते ना? आपल्या मातीच्या रस्त्यांवर उघडी चेन टिकणार नाही, आणि मागे बसणाऱ्या बाईचा पदर अडकणार, हे ओळखून आपल्याकडे पूर्ण बंद कव्हरची पद्धत रुळली. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. चेन संपूर्ण डब्यात, आणि डब्याला खाली एक रबरी बूच. ते बूच काढून आत बोट घालायचं आणि चेन किती हलते ते बघायचं. तुमच्या गाडीलाही असेल. किती जणांनी ते कधी काढलंय?

कव्हर ही चांगलीच गोष्ट. धूळ-चिखल कमी, चेनचं आयुष्य जास्त. आणि पदराचा प्रश्न इतका खरा होता की तो कायद्यात आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, कपडे अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला 'साडी गार्ड' म्हणतो ते हेच. पुष्कळ तरुण मंडळी नवी गाडी घरी आणली की पहिलं काम करतात ते हे गार्ड काढून टाकण्याचं. 'लूक जातो' म्हणे. कृपा करून काढू नका.

पण कव्हरबरोबर एक गोष्ट गेली. जे दिसत नाही ते आपण विसरलो. मग २००१ पासून अ‍ॅक्टिव्हा आली, तिच्यात बंद डब्यातला पट्टा. आज घरात एक गिअरलेस स्कूटर आणि एक बाईक, आणि दोन्हींची देखभाल म्हणजे 'सर्व्हिसिंगला टाकली'. त्यात २००० नंतर शर्यतीच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या बाईक आल्या आणि त्यांच्या चेन पुन्हा उघड्या झाल्या. चेन उघडी, रस्ते धुळीचे, आणि सवय मात्र मधल्या दोन पिढ्यांत गेलेली. हा सगळा घोळ तिथं आहे.

चेन 'ताणत' नाही, झिजते

आपण म्हणतो चेन ताणली. पोलाद असं रबरासारखं ताणत नाही. होतं काय, तर प्रत्येक सांध्यातली पिन आणि नळी थोडी थोडी झिजते. हिशेब करा. शंभर-दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. सायकलच्या चेनचंही तेवढंच. अशा शंभर कड्या धरल्या आणि प्रत्येक सांधा फक्त ०.१ मिलिमीटर झिजला, तर चेन १० मिलिमीटर लांब होते. केसाएवढी झीज, पण शंभर ठिकाणी.

लांब झालेली चेन दात्यांवर नीट बसत नाही, दाते कुरतडते, माशाच्या गळासारखे वाकडे करते, आणि एखाद्या खड्ड्यात उडी मारून बाहेर येते. पण म्हणून ती तंबोऱ्याच्या तारेसारखी घट्टही करायची नाही. खड्ड्यात मागचं चाक वर-खाली होतं, तशी चेन मध्येच आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर तो ताण बेअरिंगवर आणि इंजिनाच्या शाफ्टवर जातो. म्हणून थोडी ढील हवीच. मधोमध, खालच्या बाजूला, बोटाने वर-खाली हलवली तर साधारण २० ते ३० मिलिमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तोच धरा.

नागावच्या त्या क्वाडचं तत्त्व हेच, रीत थोडी वेगळी. तिची मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, आणि तसल्या लहान गाड्यांत एकच चेन तो दांडा फिरवते. दांडा ज्या बेअरिंगच्या घरात बसतो त्याचे बोल्ट सैल करायचे, ते घर मागे सरकवायचं किंवा फिरवायचं, चेन हवी तेवढी झाली की बोल्ट घट्ट. आपल्या बाईकला मात्र दोन्ही बाजूंना वेगळे नट असतात, आणि तिथंच लोक चुकतात.

तर घरच्या घरी एवढं करा:

१. इंजिन बंद, किल्ली खिशात. गिअरमध्ये गाडी चालू ठेवून चेन पुसायची नाही, कधीच नाही. बोटं अशीच जातात.

२. गाडी मधल्या स्टँडवर. चाक हाताने हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी ढील बघा. झीज सगळीकडे सारखी नसते. जिथं सर्वात घट्ट लागेल, तिथलं माप धरा.

३. मागच्या चाकाचा मोठा नट सैल करा. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, इकडे अर्धा फेरा तर तिकडेही अर्धा. दोन्ही बाजूंना खुणा असतात, त्या जुळल्या पाहिजेत. नाहीतर चाक तिरकं बसतं.

४. मोठा नट पुन्हा पक्का आवळा आणि ढील परत तपासा. ड्रम ब्रेक असेल तर मागच्या ब्रेकचं पेडलही बघा, चाक मागे सरकलं की त्याची ढील बदलते.

५. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश आणि पेट्रोल नको. १९७० च्या दशकापासून काही चेनमध्ये सांध्यात रबरी रिंगा येतात, आतलं ग्रीस त्याच सांभाळतात. तार आणि पेट्रोल त्यांना मारतं.

६. तेल चेनच्या आतल्या बाजूने सोडा, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या बाजूकडे पसरतं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना सोडलं तर उत्तम. वरचं जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटून त्याची सहाण होते.

७. चेनला लॉक असेल तर लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला. उलटं बसवलं तर एखाद्या दगडाने ते निघू शकतं.

८. चेन संपली तर दोन्ही चक्र्यांसकट बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात.

आता मूळ मुद्दा

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, यात सार्वजनिक काय आहे?

सांगतो. २०१८ च्या जुलैत कल्याणमध्ये खड्ड्यांनी दुचाकीवरच्या माणसांचे जीव घेतले, ते आपण विसरलेलो नाही. तिथं चेनचा काही संबंध नव्हता. खड्डे होते, बस. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. चांगलं झालं. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. रस्ता दुरुस्त आधी व्हायला हवा.

आणि हा रस्ता रोज सर्वात जास्त कोण सोसतं? सकाळी पाव-दूध टाकणारे, आणि दिवसभर पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन घोडबंदरपासून खोणीपर्यंत पळणारी डिलिव्हरीची पोरं. त्यांची बाईक दिवसाला आपल्या आठवड्याएवढी चालते. पावसात चिखल, उन्हाळ्यात मेट्रोच्या आणि बांधकामांच्या कामाची धूळ, मधे खड्डे. त्यांची चेन आपल्यापेक्षा कितीतरी आधी जाते, आणि नवा चेनसेट त्यांच्याच खिशातून. ऑर्डर उशिरा गेली तर तेही त्यांच्याच माथी. नागावचा पोरगा समुद्र चेन खातो म्हणाला. आमच्याकडे ते काम रस्ता करतो.

मला या सगळ्या वाचनातून एकच गोष्ट कळली. देखभालीला उद्घाटन नसतं. नवा पूल झाला की फीत कापतात, फोटो येतात. जुन्या पुलाचे सांधे तपासले, गटार पावसाआधी उपसलं, डांबराखालची खडी नीट बसली का ते पाहिलं, याचा फलक कुणी लावत नाही. कल्याणचा पत्रीपूल धोकादायक म्हणून २०१८ मध्ये पाडावा लागला आणि नवा उघडला तो जानेवारी २०२१ मध्ये. मधली दोन वर्षं आपण तिथं कशी काढली ते प्रत्येकाला आठवतंय. झाकलेल्या गोष्टीकडे वेळेत बघितलं नाही की तिचं बिल एकदम येतं.

म्हणून दोन साध्या सूचना. एक, पावसाळ्याआधीचा एक रविवार आपल्या सोसायटीत चेनसाठी ठेवा. नाक्यावरचा मेकॅनिक बोलवा, त्याला त्याच्या कामाचे नीट पैसे द्या, आणि आठवी-नववीच्या पोरापोरींना हात काळे करू द्या. त्या वेळी खाली एखादा डिलिव्हरीवाला थांबला असेल तर त्याच्याही चेनला तेल सोडा. दोन, त्याच दिवशी आपल्या प्रभागातल्या खड्ड्यांचे फोटो तारीख आणि ठिकाणासह काढून महापालिकेत लेखी द्या, पोच घ्या. आपली चेन आपण बघू. रस्ता त्यांनी बघायचा. पण विचारणारे आपण असलो तरच ते बघतील.

आणि हो, आज संध्याकाळी खाली उतराल तेव्हा कव्हरचं ते रबरी बूच एकदा काढून बघा. आत काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. तासावर भाड्याने सायकल देणारं दुकान तुमच्या गल्लीत कुठं होतं, तेही लिहा. अशी दुकानं आता कुणाच्या तरी आठवणीतच उरलीत.